दलदलीची नावे

विरारच्या फुलपाड्याजवळ पापडखिंडीचे धरण आहे. त्याचे पाणी गोडे. पण वसई तालुक्याच्या उत्तरेला वैतरणेची आणि दक्षिणेला वसईची खाडी. तेथे भरतीचे खारे पाणी जमिनीवर पसरते. आपली पुस्तके या सगळ्या ओल्या जमिनीला सरसकट ‘दलदल’ म्हणतात. किनाऱ्यावरची माणसे मात्र खार, खाजण, मिठागर असा भेद करतात.

वसईवर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या भाषेत दलदलीला ‘पाउल’ असा एक शब्द आहे. तो लॅटिन ‘पालुस’वरून आला. इटालियनमध्ये त्याचा ‘पालुदे’ झाला. रोमानियनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन ‘पादुरे’ झाला, आणि त्याचा अर्थ आहे रान! जमीन पालटली की शब्दाचा अर्थही पालटतो, तो असा. संस्कृत ‘पल्वल’ म्हणजे डबके. तोही ‘पालुस’च्याच कुळातला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

फ्रेंच ही लॅटिनची लेक, म्हणून तिचा ‘मारॅ’ हा शब्दही लॅटिन वाटतो. पण तो फ्रँक या जर्मानिक लोकांकडून आला. इंग्रजी ‘मार्श’ त्याचा भाऊ. दोघांच्या मुळाशी समुद्र आहे. स्पॅनिश ‘पांतानो’ म्हणजे दलदल, पण धरणाच्या जलाशयालाही आता तोच शब्द वापरतात. त्या हिशेबाने आपली पापडखिंडसुद्धा ‘पांतानो’च!

आपले शब्द आणखी काही सांगतात. ‘खार’ या शब्दात संस्कृत ‘क्षार’ आहे, म्हणजे मातीचा गुण. ‘खाजण’ म्हटले की भरतीचे पाणी, बांध आणि त्यामागची भातशेती आठवते, म्हणजे माणसाचे श्रम. १९४८ च्या मुंबई राज्याच्या आणि १९७९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यांनीही ‘खार’ हाच शब्द उचलला.

याच जमिनीला ‘पडीक’ म्हटले, की भराव घालताना कोणाला काही वाटत नाही. मग पावसाचे पाणी थोपवून धरणारी जागाच उरत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारच्या अनेक वस्त्या पाण्यात होत्या, हे आपण विसरू नये.

वर्गात एक उपक्रम करता येईल. मुलांनी आजी-आजोबांकडून गावातल्या ओल्या जागांची नावे गोळा करावीत आणि नकाशावर लिहावीत. प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहावा: येथले पाणी आता कुठे जाते?