ख्रिस्तमंदिरांतील हलतीं चित्रें



ख्रिस्ती मंदिर म्हटलें कीं उंच घुमट, रंगीत कांचेच्या खिडक्या, मेणबत्त्यांचा मंद उजेड आणि भिंतींवरील संतांचीं चित्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. अशा मंदिरांत विजेचे पडदे बसवून त्यांवर चित्रें हालूं लागलीं, तर तें भाविकांस रुचेल काय? लंडनमधील सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्यें २०१४ सालच्या मे महिन्यांत ही गोष्ट घडली. तिच्या मागें दीड हजार वर्षांचा इतिहास आहे. त्याचा थोडा मागोवा आज आपण घेऊं.

प्रतिमेचा प्रश्न ख्रिस्ती धर्मांत फार जुना आहे. दहा आज्ञांपैकीं एक आज्ञा कोरीव मूर्ति करण्याचा निषेध करते. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपनें आपल्या मंदिरांतील प्रतिमा फोडल्या. तेव्हां पोप पहिला ग्रेगरी यानें त्यास कळविलें कीं, चित्रांची पूजा होऊं दिली नाहीं हें योग्य, परंतु तीं फोडणें योग्य नव्हे. ज्यांस अक्षरें वाचतां येत नाहींत ते चित्रें वाचतात. पुढें आठव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यांत याच प्रश्नावरून मोठा उत्पात झाला, आणि ७८७ सालीं नायसीया येथील धर्मपरिषदेनें असा निवाडा दिला कीं, आराधना एका देवाचीच. प्रतिमेस द्यावयाचा तो मान, व तो प्रतिमेंतून मूळ व्यक्तीस पोंचतो. तरी वाद मिटला नाहीं. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेच्या लाटेंत इंग्लंडमधील मंदिरांतून असंख्य मूर्ति उतरविण्यांत आल्या आणि भित्तिचित्रांवर चुना फासण्यांत आला. ज्या देशानें चित्रें पुसलीं त्याच देशाच्या राजधानींतील मुख्य मंदिरांत हीं नवीं चित्रें आलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या घटनेचें महत्त्व कळून येईल.

छायाचित्रें हालूं लागलीं त्याबरोबर येशूचें चरित्रही पडद्यावर आलें. या गोष्टीशीं महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे. १९१० च्या सुमारास मुंबईंत धुंडिराज गोविंद फाळके यांनीं ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहिला. तो पाहतांना आपल्या मनश्चक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहिले, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. त्या दर्शनाचें फळ म्हणजे १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’. परंतु चित्रपट हा कथेचा सेवक आहे. त्यास प्रसंगामागून प्रसंग दाखवीत पुढें धांवावें लागतें. प्रार्थनेस मात्र थांबावें लागतें. हालणारें चित्र आणि स्थिरावणारें मन यांची सांगड कशी घालावयाची, या प्रश्नावर ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, ते अमेरिकन कलावंत म्हणजे बिल व्हायोला.

व्हायोला यांचा जन्म १९५१ सालीं न्यूयॉर्क शहरांत झाला. सहा वर्षांचे असतांना ते एका तळ्यांत पडले. पाण्याखालीं दिसलेल्या त्या प्रकाशाइतकें सुंदर दृश्य आपण कधीं पाहिलें नाहीं, असें ते पुढें सांगत. आणि पाणी हें त्यांच्या कृतींत जन्मभर पुनःपुन्हां येत राहिलें. १९७४ ते १९७६ या काळांत ते फ्लॉरेन्स येथील एका व्हिडिओ-कार्यशाळेंत तांत्रिक काम पाहत होते. जुनीं धर्मचित्रें संग्रहालयाच्या भिंतीवर नव्हे, तर ज्या वेदीसाठीं तीं काढलीं त्या वेदीवर कशीं नांदतात, हें त्यांनीं तेथें पाहिलें. पुढें जपानांत राहून त्यांनीं झेन साधनेचाही अभ्यास केला.

१९८३ सालीं त्यांनीं स्पेनमधील संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्यावर एक कृति रचली. या संतास १५७७ सालीं त्यांच्याच पंथांतील विरोधकांनीं टोलेडो येथें सुमारें नऊ महिने एका अरुंद कोठडींत डांबलें होतें, आणि त्या काळोखांत त्यांनीं ईश्वरप्रेमाचीं काव्यें रचलीं. व्हायोला यांनीं एका अंधाऱ्या दालनाच्या भिंतीवर हिमाच्छादित पर्वतांचें हादरणारें दृश्य टाकलें आणि वाऱ्याचा घोंघावणारा आवाज लावला. दालनाच्या मध्यभागीं एक लहानशी कोठडी. तींत मेज, पाण्याचें भांडें आणि एक छोटा पडदा. त्या पडद्यावर मात्र पर्वत निश्चल, आणि कानीं येते ती संताच्या काव्याची हलक्या आवाजांतील कुजबूज. बाहेर वादळ आणि आंत शांति, ही गोष्ट प्रेक्षकास कोणीं सांगावी लागत नाहीं. कोठडीच्या खिडकीशीं कान नेला कीं ती त्यास आपोआप कळते.

१९९५ सालीं व्हेनिसच्या कलाप्रदर्शनांत त्यांनीं ‘भेट’ ही कृति मांडली. तिचा आधार होता पोंटोर्मो या चित्रकाराचें सोळाव्या शतकांतील एक चित्र. गरोदर मरिया आपली वृद्ध नातलग अलीशिबा हिला भेटावयास जाते, ही लूकच्या शुभवर्तमानांतील कथा त्यांत आहे. व्हायोला यांनीं आजच्या वेषांतील तीन स्त्रिया घेऊन केवळ ४५ सेकंदांचा प्रसंग टिपला. चित्रपटांत सामान्यतः एका सेकंदास २४ चित्रें घेतात. त्यांनीं ३०० घेतलीं, आणि ४५ सेकंदांची ती भेट पडद्यावर सुमारें १० मिनिटें चालली. वाऱ्यानें उचललेला पदर, एकीच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद, दुसरीच्या डोळ्यांतील संकोच, हें सर्व एरव्हीं आपल्या नजरेंतून निसटून जातें. वर्गांत मुलांपुढें एखादें चित्र धरून “काय दिसतें?” असें विचारलें, तर पहिल्या क्षणीं वस्तूंचीं नांवें येतात, खरें पाहणें मागाहून सुरू होतें, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. त्या मागाहूनच्या पाहण्यास व्हायोला यांनीं अवसर मिळवून दिला.

मंदिरांतील प्रवेश मात्र सुखासुखीं झाला नाहीं. १९९६ सालीं इंग्लंडमधील डरहॅम येथील प्राचीन कॅथीड्रलमध्यें, पश्चिमेकडील महाद्वारावर, त्यांचा ‘दूत’ झळकला. खोल पाण्यांतून एक विवस्त्र पुरुष हळूहळू वर येतो, दीर्घ श्वास घेतो आणि पुन्हां तळाशीं जातो. बाप्तिस्म्याचा आणि पुनर्जन्माचा अर्थ त्यांत सहज दिसतो. परंतु नग्नतेवरून तक्रार होईल अशी शंका पोलिसांनीं व्यक्त केली, आणि चित्रासमोर आडोसे उभारावे लागले. १५६५ सालीं रोममध्यें मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रांतील नग्न देहांवर वस्त्रें रंगविण्यांत आलीं, त्या वादाचीच ही नवी आवृत्ति होय. माध्यम बदललें तरी माणसाचा संकोच बदलत नाहीं.

आतां सेंट पॉल्सकडे वळूं. तेथील ‘हुतात्मे’ ही कृति सिद्ध होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. चार उभे पडदे, चार माणसें आणि चार तत्त्वें: पृथ्वी, वायु, अग्नि, जल. एक मातीखालीं गाडलेला, एक वाऱ्यांत दोरांनीं बांधलेली, एकावर ज्वाळांचा वर्षाव, एक उलटा टांगलेला आणि वरून कोसळणारें पाणी. सुमारें सात मिनिटें हें चालतें, आणि त्यांत आवाज मुळींच नाहीं. ‘हुतात्मा’ या आपल्या शब्दांत आहुतीची कल्पना आहे. युरोपांतील शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ मात्र साक्षीदार असा आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द या दोहोंस एकत्र आणतो. पडद्यांवरील चौघेही ओरडत नाहींत कीं शाप देत नाहींत. शेवटीं प्रकाशाकडे तोंड करतात. २०१६ सालीं त्याच मंदिरांत मरियेच्या जीवनावरील त्यांची तीन पडद्यांची कृति आली. १२ जुलै २०२४ रोजीं व्हायोला निवर्तले.

या कलेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, झेन आणि सूफी विचारांतूनही प्रेरणा घेणाऱ्या कलावंताची कृति ख्रिस्ती कशी म्हणावी? मला वाटतें, कृतीचा धर्म कर्त्याच्या मनावरून ठरतो तितकाच ती कोठें ठेविली आणि तिच्यापुढें लोक काय करतात यावरूनही ठरतो. ज्या मंदिरांत नित्य प्रार्थना चालते तेथें ती रक्तसाक्ष्यांचें स्मरण करून देते, एवढें पुरे आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. भित्तिचित्र पांचशें वर्षें टिकतें. विजेचे पडदे झिजतात, यंत्रें जुनीं होतात. हें खरें आहे. परंतु मेणबत्तीही जळून जाते आणि स्तोत्राचा स्वरही विरून जातो. तरी उपासनेंत त्यांचें स्थान ढळत नाहीं.

ग्रेगरीच्या काळीं लोकांस वाचतां येत नव्हतें, म्हणून चित्रांनीं वाचनाचें काम केलें. आज प्रत्येकाच्या हातांत पडदा आहे, आणि त्यावरील एक चित्र पुरतें दिसण्यापूर्वींच दुसरें येतें. आपण अधिक पाहतों आणि कमी न्याहाळतों. अशा काळांत त्याच यंत्राचा वेग आवरून माणसास सात मिनिटें निःशब्द उभें करावें, दुसऱ्याच्या यातनेकडे मान न फिरवितां पाहावयास लावावें, हें लहान काम नव्हे. साक्षीदार होणें म्हणजे तरी प्रथम नीट पाहणेंच नव्हे काय?