शाळेत न पाठवण्याचा हक्क: अमेरिकेतल्या होमस्कूलिंगमध्ये धर्म आला कुठून?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात न्यू ग्लॅरस नावाचं छोटंसं गाव आहे. १९६८ साली तिथल्या तीन अ‍ॅमिश बापांनी आपल्या मुलांना आठवीनंतर शाळेत पाठवायला नकार दिला. मुलं १४-१५ वर्षांची होती आणि राज्याच्या कायद्यानुसार १६ वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. कोर्टाने प्रत्येकी ५ डॉलरचा दंड ठोठावला.

अ‍ॅमिश म्हणजे घोडागाडीने फिरणारा, साधी शेती करणारा, आधुनिक जगापासून ठरवून लांब राहणारा ख्रिस्ती पंथ. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लिहिणं, वाचणं, हिशेब आठवीपर्यंत येतो, तेवढा पुरे. त्यापुढचं हायस्कूल मुलाला स्पर्धा शिकवतं, गावापासून तोडतं आणि आमच्या श्रद्धेप्रमाणे ते चूक आहे.

अ‍ॅमिश लोक सहसा कोर्टात भांडत नाहीत. त्यामुळे त्यांच्या वतीने एका ल्युथरन पाद्र्याने पुढाकार घेऊन समिती उभी केली आणि वकील दिला. ५ डॉलरच्या दंडाचं हे प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १५ मे १९७२ रोजी निकाल लागला आणि पालक जिंकले. 'विस्कॉन्सिन विरुद्ध योडर' या नावाने ओळखला जाणारा हा निकाल आजही अमेरिकेत शाळा आणि धर्माचा वाद निघाला की हमखास पुढे केला जातो.

पण या निकालात एक वेगळा सूरही होता. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी विचारलं, की मुलांचं काय? तीन मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. बाकीच्या दोघांना हायस्कूलला जायचं होतं की नाही, हे कोणी विचारलंच नाही. उद्या त्यातल्या एखाद्याला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचं असेल तर त्याने काय करायचं?

हा प्रश्न विचारणारे डग्लस एकटेच होते. पुढच्या ५० वर्षांत पालकांचे हक्क वाढत गेले, सरकारचे अधिकार मोजले गेले, पण मुलाचं मत विचारण्याची सोय फारशी कुठे झाली नाही.

आधी खासगी शाळा वाचल्या

अमेरिकेत धार्मिक खासगी शाळा मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या त्या कॅथलिकांमुळे, आणि त्याचं कारण होतं सरकारी शाळा. १९व्या शतकातल्या सरकारी शाळा नावाला सर्वांच्या होत्या. रोज वर्गात वाचलं जायचं ते प्रोटेस्टंटांचं बायबल. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांना ते मान्य नव्हतं. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात या वादाने दंगलीचं रूप घेतलं, चर्च जाळली गेली, माणसं मारली गेली. शेवटी १८८४ मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामात कॅथलिक शाळा काढायचं ठरवलं.

मग उलटी लाट आली. १९२२ मध्ये ओरेगन राज्यात मतदारांनी कायदा मंजूर केला, की ८ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच जावं. या कायद्याच्या पाठीराख्यांमध्ये कू क्लक्स क्लॅनही होती आणि रोख उघड उघड कॅथलिक शाळांवर होता. शाळा चालवणाऱ्या नन्स कोर्टात गेल्या. १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने कायदा रद्द केला. मूल ही सरकारची मालमत्ता नाही, त्याला कोणत्या शाळेत घालायचं हे पालक ठरवतील, असा त्या निकालाचा गाभा.

म्हणजे अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांच्या दडपणातून वाचवणारा हा निकाल होता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे हाच युक्तिवाद फार वेगळ्या लोकांच्या हाती गेला.

होमस्कूलिंगची सुरुवात धर्मातून झाली नव्हती

अनेकांना हे माहीत नसतं. घरी शिकवण्याच्या आधुनिक चळवळीचा एक प्रमुख चेहरा होता जॉन होल्ट. हा शिक्षक वृत्तीने बंडखोर आणि राजकारणाने डावीकडे झुकलेला. शाळा मुलांची जिज्ञासा मारते, असं त्याचं मत. १९७७ मध्ये त्याने 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' नावाचं नियतकालिक सुरू केलं. त्याच काळात रेमंड आणि डोरोथी मूर हे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं दांपत्य सांगत होतं, की लहान मुलांना शाळेत घालायची घाई करू नका. मूर यांची मुलाखत ख्रिस्ती रेडिओवर गाजली आणि १९८०च्या दशकात चळवळीचा रंग बदलला.

इव्हँजेलिकल ख्रिस्ती कुटुंबं शाळांवर आधीच नाराज होती. १९६२ आणि १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं होतं. उत्क्रांतिवाद आणि लैंगिक शिक्षण हे विषयही त्यांना खटकत होते.

दक्षिणेत आणखी एक कारण होतं आणि ते धर्माचं नव्हतं. १९५४ च्या ब्राउन खटल्यानंतर गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचं ठरलं. त्यानंतर तिथे गोऱ्यांच्या खासगी शाळा निघाल्या, त्यातल्या कितीतरींच्या नावात 'ख्रिश्चन' शब्द होता. वेगवेगळ्या वंशाच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना डेट करू नये, असा नियम असलेल्या बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत काढून घेण्याचा निर्णय १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केला. विद्यापीठाने तो नियम २००० साली मागे घेतला. याच विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेची पाठ्यपुस्तकं आजही हजारो घरांत वापरली जातात.

१९८३ मध्येच होमस्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन ही वकिलांची संघटना स्थापन झाली. वार्षिक वर्गणी भरा, शाळा-अधिकारी दारात आला तर आमचा वकील उभा राहील, असा तिचा हिशेब. राज्याराज्यांत खटले आणि विधेयकं झाली आणि १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं.

ताकद किती, ते १९९४ मध्ये दिसलं. शिक्षकांच्या पात्रतेबद्दलचं एक कलम घरी शिकवणाऱ्या पालकांनाही लागू होईल अशी भीती पसरली. रेडिओवरून आवाहन झालं आणि अमेरिकी संसदेची फोनयंत्रणा अक्षरशः ठप्प झाली. कलम काढण्याच्या बाजूने ४२४ मतं पडली, विरोधात फक्त १. सोशल मीडिया यायला तेव्हा दहा वर्षं होती.

घरात नेमकं काय शिकवलं जातं?

याचं एकच उत्तर नाही. न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियात पालकांना नोंदणी, विषयांची यादी, मूल्यमापन असं बरंच द्यावं लागतं. टेक्सासमध्ये कोणाला कळवायचीही गरज नाही. मोठ्या संख्येने मराठी कुटुंबं राहतात त्या न्यू जर्सीतही तसंच. व्हर्जिनियाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे धार्मिक कारणाने सूट मिळाली की मूल शिक्षणसक्तीच्या कायद्यातूनच बाहेर पडतं. मग परीक्षा नाही, अहवाल नाही, चौकशी नाही.

२०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अशाच एका व्हर्जिनियातल्या तरुणाची हकिगत छापली. त्याला लहानपणी शाळेत जायचं होतं. त्याने स्थानिक अधिकाऱ्यांकडे मदत मागितली, पण सूट पालकांना होती आणि निर्णयही त्यांचाच. पुढे कम्युनिटी कॉलेजात पायाभूत वर्गांपासून सुरुवात करून तो जॉर्जटाउन विद्यापीठात पोहोचला. धाकट्या भावंडांना तरी शाळा मिळावी म्हणून तो धडपडत होता.

दुसऱ्या बाजूला, घरी शिकून उत्तम विद्यापीठांत गेलेली मुलंही भरपूर आहेत. अडचण अशी, की जिथे नोंदणीच नाही तिथे नेमकं चित्र कोणाकडेच नाही. दोन्ही बाजू आपापली उदाहरणं दाखवतात.

पुस्तकांबद्दल मात्र ठामपणे बोलता येतं. अबेका, बॉब जोन्स आणि अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन ही ख्रिस्ती अभ्यासक्रमांतली मोठी नावं. यांच्या विज्ञानात पृथ्वी काही हजार वर्षांचीच असते. एका पुस्तिकेत तर स्कॉटलंडच्या लॉख नेस तलावातला राक्षस उत्क्रांतिवादाविरुद्धचा पुरावा म्हणून दिला होता!

याची किंमत विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी मोजावी लागू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने काही ख्रिस्ती शाळांचे जीवशास्त्र, इतिहास, इंग्रजी हे विषय प्रवेशासाठी ग्राह्य धरले नाहीत. शाळा २००५ मध्ये कोर्टात गेल्या. धर्मामुळे नव्हे, तर अभ्यासक्रम पुरेसा नसल्यामुळे ते नाकारले, असं विद्यापीठाने सांगितलं आणि ते २००८ मध्ये जिंकलं. २०१० मध्ये अपिलातही तेच झालं.

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती कुटुंबांचा नाही. न्यूयॉर्कमध्ये हसिदिक ज्यूंच्या काही मुलग्यांच्या शाळांत दिवसाचा बहुतेक वेळ धर्मग्रंथांना आणि इंग्रजी-गणिताला फारच थोडा, अशी तक्रार २०१५ मध्ये झाली. तक्रार करणाऱ्यांत त्याच शाळांतून शिकलेले तरुण होते. शहराची चौकशी २०२३ पर्यंत लांबली आणि १८ शाळा कायद्याच्या कसोटीला उतरत नाहीत असं ठरलं. आठ वर्षांत एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली.

धर्माचा वाटा कमी होतोय?

सरकारी पाहणीनुसार १९९९ मध्ये सुमारे साडेआठ लाख मुलं घरी शिकत होती, २०१२ पर्यंत ती १८ लाखांच्या घरात गेली. २००७ मध्ये ३६ टक्के पालकांनी धार्मिक किंवा नैतिक शिक्षण हे सर्वांत महत्त्वाचं कारण सांगितलं होतं. पुढे शाळेतलं वातावरण, सुरक्षितता ही कारणं वर आली. करोनात २०२० च्या वसंतात होमस्कूलिंग करणारी कुटुंबं ५.४ टक्के होती, शरदात ११.१ टक्के झाली. काळ्या कुटुंबांत ३.३ वरून १६.१ टक्के. ही सगळी कुटुंबं बायबलसाठी घरी बसली नव्हती, हे उघड आहे.

कायदे मात्र धार्मिक चळवळीने घडवलेले आहेत आणि तेच सर्वांना लागू होतात. शिवाय सरकारी पैसा आता धार्मिक शाळांकडे वळतोय. २०२० आणि २०२२ च्या निकालांनी ठरवलं, की राज्य खासगी शिक्षणाला मदत देत असेल तर धार्मिक शाळांना वगळता येणार नाही.

जर्मनी आणि भारत

जर्मनीत जवळपास सर्व मुलांना शाळेत जावंच लागतं. धार्मिक कारणाने घरी शिकवू पाहणारं एक कुटुंब युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये हरलं. मुलांनी वेगळ्या विचारांच्या मुलांत मिसळावं, समाजात बंद कप्पे होऊ नयेत, हे सरकारचं म्हणणं न्यायालयाला पटलं.

भारतात भांडण होमस्कूलिंगपेक्षा संस्थांच्या हक्कावरून आहे. शिक्षणहक्क कायदा घरच्या शिक्षणाबद्दल काही बोलत नाही. असे पालक बहुधा मुक्त विद्यालयातून परीक्षा देववतात. राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क देतं. कलम २८ प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षण देता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा शिक्षणहक्क कायद्यातून वगळल्या गेल्या आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना सूट दिली. ही सरसकट सूट योग्य होती का, अशी शंका १ सप्टेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाच्याच खंडपीठाने व्यक्त केली. महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून आलेल्या प्रकरणांत हा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आला.

न्यू ग्लॅरसचा निकाल, पुन्हा

जून २०२५ मध्ये मेरीलँडच्या काही पालकांनी सुप्रीम कोर्टात विजय मिळवला. समलैंगिक पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं वर्गात वाचली जात असताना धार्मिक कारणाने मुलांना बाहेर ठेवण्याची मुभा त्यांना मिळाली. न्यायालयाने आधार घेतला तो १९७२ च्या योडर निकालाचा.

घरी शिकून मोठ्या झालेल्या काही जणांनी २०१३ मध्ये स्वतःची संघटना काढली. होमस्कूलिंग बंद करा असं ती म्हणत नाही. मुलांची नोंद व्हावी, प्रगती कोणीतरी बाहेरच्याने तपासावी, एवढं मागते. २०२५ मध्ये इलिनॉय राज्यात नोंदणी सक्तीची करणारं विधेयक आलं, तेव्हा हजारो पालक मुलांसह स्प्रिंगफील्डच्या विधानभवनात जमले. विधेयक समितीतून पुढे सरकलं, पण वसंत अधिवेशन संपेपर्यंत सभागृहात मतदानाला आलंच नाही.