झाडावरचा निवडुंग
१४. ‘लोंबता निवडुंग’ : शास्त्रीय नाव ऱ्हिप्सालिस बॅसिफेरा. कॅक्टसचे कुळ मूळ अमेरिका खंडांतले. त्यातली ही एकच जात आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही रानात उगवते, तेव्हा लेखकाला ती श्रीलंकेत दिसली यात नवल नाही. दमट जंगलात फांद्यांवरून तिच्या सुतळीएवढ्या बारीक हिरव्या काड्या खाली सुटलेल्या असतात. अमेरिकेहून परतणाऱ्या खलाशांनी ती आणली, असा एक तर्क आहे. पण मग मादागास्करमध्ये राठ केसांची वेगळी उपजात अवघ्या पाचेकशे वर्षांत कशी घडली? त्यापेक्षा तिची पांढरी, चिकट फळे खाणाऱ्या पक्ष्यांकडे बोट दाखवणे अधिक सयुक्तिक. एवढा समुद्र पक्षी ओलांडेल का, ही शंका रास्तच. मात्र वादळात भरकटलेले अमेरिकी पक्षी अटलांटिकपार आजही आढळतात, आणि एका फळात बिया पुष्कळ असतात. – संपा.