सुप्याचा बाजार आणि आपलं पासबुक

गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "पूर्वीची माणसं कर्ज काढत नव्हती." तसं नाही बरं. आज आपण दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट ऐकू.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढून जाळले. हे लोण पुणे-नगरच्या कितीतरी गावांत पोचलं. राग माणसांपेक्षा त्या कागदांवर जास्त होता.

असं का झालं? १८६१ ते १८६५ अमेरिकेत युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकार सढळ हातानं कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव पडला. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. कर्ज मात्र तसंच राहिलं.

आपल्याकडे दामदुपटीची रीत होती, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. पण १८५९ च्या कायद्यानं कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली. मग सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचे आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचे. भरलेल्या पैशाची पावती नसायची. सरकारच्या चौकशी आयोगाला एक प्रकरण असं सापडलं, की १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून जास्त व्याज लावलं होतं!

शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, असं तेव्हाही बोललं जायचं. त्या कारणाला नको इतकं महत्त्व दिलं जातं, असं याच आयोगानं म्हटलं. पुढे १८७९ चा कायदा आला. रोख्यामागचा सगळा हिशेब उकलून बघायचा अधिकार कोर्टाला मिळाला. पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला.

आता आपल्याकडे बघू. क्रेडिट कार्डाची 'किमान रक्कम' भरली की दंड टळतो, पण व्याज थांबत नाही. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के. हेच व्याज मुद्दलात मिळत गेलं तर १०,००० रुपयांचे दोन वर्षांत २०,००० च्या वर होतात. जुना हप्ता फेडायला नवं कर्ज काढलं, तर तोही नवा रोखाच की!

कर्ज काढणं हा गुन्हा नाही. बियाणं, दवाखाना, मुलांची शाळा, गरज पडतेच. पण त्या शेतकऱ्यांना जे मागून मिळत नव्हतं, ते आपल्याला मागता येतं. म्हणून अंगठा किंवा सही करण्याआधी तीन गोष्टी विचारू या: व्याज वर्षाला किती, एकूण परतफेड किती, आणि हप्त्यातले मुद्दलात किती जातात? उत्तर पटलं नाही तर सही थांबवू. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं पासबुक घेऊन यावं. एकमेकींचा हिशेब वाचू.