मुलें शाळेंत कशीं आलीं

मुलगा शाळा चुकवितो आणि आला तरी धड बसत नाहीं, ही तक्रार आजची नव्हे. ती शाळेइतकीच जुनी आहे. गेल्या दोनशें वर्षांत आपल्या लोकांनीं तिच्यावर निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांतील कोणता कितपत फळास आला, एवढेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

पहिला उपाय पंतोजींचा. देवळाच्या ओवरींत किंवा कोणाच्या पडवींत पंतोजी शाळा भरवीत, धुळपाटीवर अक्षरें गिरवून घेत, परवचा म्हणवून घेत. एखादा मुलगा आला नाहीं, तर चार दांडगीं मुलें त्याच्या घरीं धाडलीं जात आणि तीं त्याला हातापायांस धरून घेऊन येत. ‘उचलबांगडी’ हा शब्द आपण आतां अधिकाऱ्याच्या बदलीसाठीं वापरतों. त्यामागचें चित्र हें आहे. आणून बसविल्यावर छडी होती, अंगठे धरणें होतें. इतकें केल्यावर मुलगा बसे खरा. पण त्याचें चित्त तेथें बसे, असें कोण म्हणेल? शिवाय ही उचलबांगडी ज्याचें नांव शाळेंत होतें त्याचीच. ज्यांना शाळेची पायरीच बंद होती, त्यांच्या मुलामुलींची गैरहजेरी कोणी मांडीतच नव्हतें.

ती गैरहजेरी मोठ्यानें वाचून दाखविली जोतीराव फुले यांनीं. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींसाठीं शाळा काढली, आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें लेखी निवेदन केलें. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी होती. परंतु ते सक्तीवर थांबले नाहींत. मागें राहिलेल्या वर्गांतील मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसें द्यावींत, शिक्षकाला दरमहा निदान १२ रुपये वेतन असावें, आणि शेतकऱ्यांच्या मुलांत मोकळेपणानें मिसळून त्यांच्या गरजा जाणणारा शिक्षक नेमावा, असेंहि त्यांनीं सांगितलें. मूल येत नसेल, तर त्याच्या घरीं काय उणें आहे आणि आपल्या शाळेंत काय उणें आहे, हें आधीं पाहा, असा त्या निवेदनाचा रोख आहे.

दुसरा उपाय कायद्याचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांतील कांहीं गांवांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें आणि १९०६ सालीं तें सर्व संस्थानास लागू केलें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ च्या मार्चमध्यें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत तशाच हेतूचें बिल आणलें. ज्या पालकाचें उत्पन्न दरमहा १० रुपयांहून कमी, त्याच्याकडून फी घेऊं नये, अशी त्यांत तरतूद होती. १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. कोल्हापुरांत मात्र शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

या कायद्यांनीं एक मोठी गोष्ट केली. गैरहजेरीचा जाब मुलाऐवजीं मोठ्या माणसांना विचारला. तरीहि एक अडचण उरलीच. मुलगी तान्ह्या भावाला सांभाळील तेव्हांच जिच्या आईला मजुरीस जातां येतें, त्या घराला दंडाचा धाक घालून काय साधणार?

याचें उत्तर डहाणू तालुक्यांत सांपडलें. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. आदिवासी वस्तीवरचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां या दोघींनीं शाळाच वस्तीवर नेली. झोपडीपुढच्या अंगणांत ती भरूं लागली, म्हणून तिला अंगणवाडी म्हणूं लागले. पुढें १९७५ च्या बालविकास योजनेनें हेंच नांव देशभर नेलें. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील मुलें दिवसभर गुरें राखीत. तेव्हां शाळा कुरणांत गेली आणि कुरणशाळा झाली. तान्ह्यांसाठीं पाळणाघर, मधल्यांसाठीं बालवाडी आणि थोरल्यांसाठीं प्राथमिक शाळा, हीं तिन्ही जवळजवळ ठेवून त्यांनीं विकासवाडी उभी केली. भावंडाला कडेवर घेऊनच थोरल्या बहिणीला शाळेंत येतां येऊं लागलें. गैरहजेरीचें कारणच शाळेनें आपल्या आंत घेतलें. वर्तणुकीचेंहि तसेंच. बिया, पानें, शिंपले, खडे हींच तेथें शिकण्याचीं साधनें झालीं. ज्या मुलाचे हात आवडीच्या कामांत गुंतले आहेत, त्याला शिस्त लावण्यास छडी लागत नाहीं.

पुढें सरकारासहि हीच वाट धरावी लागली. १९९५ च्या योजनेंत ८० टक्के हजेरी भरणाऱ्या मुलास दरमहा ३ किलो धान्य मिळे. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळेंतच शिजविलेलें अन्न देण्याचा हुकूम केला. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा त्यांचा अधिकार ठरविला आणि शाळेंतील मारहाण व मानसिक छळ यांना मनाई केली. पंतोजींची छडी अशी कागदोपत्रीं तरी संपली.

आतां शेवटचें. आपल्या घरीं भांडीं घासावयास बाई येतात. कधीं त्यांच्याबरोबर त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी येते, आणि आईला बरें नसलें म्हणजे एकटीच येते. मुलगी गुणी आहे, असें आपण कौतुकानें म्हणतों. पण ती वेळ शाळेची असेल, तर हजेरीपटावर त्या दिवशीं तिच्या नांवापुढें पडणारी खूण आपल्याच स्वयंपाकघरांत पडत असते. ती खूण पुसण्यास कायदा लागत नाहीं. त्या दिवसाचीं भांडीं आपण घासावींत, बाईंचा पगार कापूं नये आणि मुलीला शाळेंत धाडावें, एवढें पुरे आहे.