चार इंची गादी आणि रात्रभर चालणारे इंजिन

श्रमाच्या इतिहासात विश्रांतीला बहुधा तळटीपेची जागा मिळते. कामगार किती तास राबला याची नोंद सापडते. तो कोठे निजला, तेथे उबेची काय सोय होती आणि तिचा खर्च कोणी सोसला, हे मात्र शोधावे लागते. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या मालट्रकांच्या बाबतीत ही नोंद एका अनपेक्षित जागी, डिझेलच्या हिशेबात, सापडते. तेथे अनेक दशके ट्रकचालक रात्री केबिनमध्ये झोपत आणि इंजिन पहाटेपर्यंत चालू ठेवत. या प्रथेचे इंग्रजी नाव 'आयडलिंग'. हा शब्द आळसाच्या, रिकामपणाच्या कुळातला. वस्तुतः त्या वेळी इंजिन रिकामे नसतेच. ते शेकोटीचे काम करीत असते. या नावामागे दडलेले काम आणि त्याची किंमत यांचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

चालकाच्या आसनामागे झोपण्याची जागा करण्याची कल्पना जुनी आहे. आरंभीच्या या अरुंद पेट्यांना चालकांनी दिलेले नाव 'कॉफिन', म्हणजे शवपेटी, असे होते. उपहास आणि अनुभव यांचे इतके नेमके मिश्रण एखाद्या कवीलाही क्वचितच साधते. पुढे १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने मालवाहतूक केंद्रीय नियंत्रणाखाली आली आणि त्या दशकाच्या अखेरीस चालकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा पडली. विश्रांती ही कायद्याची बाब झाली आणि शवपेटीला 'स्लीपर बर्थ' हे प्रतिष्ठित नाव मिळाले.

या बर्थविषयीचा केंद्रीय नियम साहित्याच्या अभ्यासकांनी एक संहिता म्हणून वाचावा असा आहे. १९७५ च्या सप्टेंबरनंतर बसवलेल्या बर्थसाठी तो किमान मापे सांगतो: लांबी ७५ इंच, रुंदी २४ इंच, गादीपासून वरची उंची २४ इंच. फोमची गादी असल्यास ती किमान ४ इंच जाड हवी. हवा खेळती हवी. धूळ आणि पाऊस आत येता कामा नये. इंजिनाचा धूर निजलेल्या माणसापर्यंत पोहोचता कामा नये. पुरेशी अंथरुणे-पांघरुणे असावीत, हेही त्यात आहे. एवढ्या बारकाईने लिहिलेल्या या नियमात केबिन किती उबदार अथवा किती थंड असावी याविषयी मात्र एक शब्दही नाही. थंडीवर नियमाचे उत्तर घोंगडीपाशी संपते. त्यापुढचे उत्तर चालकाला स्वतः शोधावे लागले आणि ते त्याच्या हाताशीच होते: इंजिनाची किल्ली.

हे उत्तर वेडेपणाचे नव्हते. केबिनचा हीटर इंजिनाभोवती फिरणाऱ्या गरम पाण्यावर चालतो. इंजिन थांबले की थोड्याच वेळात ऊब सरते. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठू लागते आणि सकाळी इंजिन सुरू होईल याची खात्री उरत नाही. ज्याला मैलांच्या हिशेबाने मजुरी मिळते, त्याच्यासाठी बंद पडलेला ट्रक म्हणजे बुडालेली कमाई. शिवाय डिझेल बराच काळ स्वस्त होते. तरीही हिशेब डोळ्यांत भरणारा आहे. उभ्या ट्रकचे इंजिन तासाला सुमारे ३ लिटर डिझेल जाळते. दहा तासांच्या रात्रीला ३० लिटर. आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००० मध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला, तेव्हा एका ट्रकमागे वर्षाला सुमारे १,८३० तास इंजिन असे उभ्याने चालते, असा अंदाज धरला होता. टनावारी माल ओढण्यासाठी घडवलेले यंत्र एका माणसाचे पाय गरम ठेवण्यासाठी इतका वेळ राबत होते.

पर्याय नव्हते असे मुळीच नाही. एबरश्पेशर आणि वेबास्टो या दोन जर्मन कंपन्यांनी इंधनावर चालणारे छोटे हीटर फार पूर्वीच विकसित केले होते. या दोन्ही कंपन्यांचा उगम एसलिंगेन या एकाच गावातला. हीटरची रचना साधी आहे. एक लहानसा पंप टाकीतून थेंबाथेंबाने डिझेल आणतो. ते बंदिस्त कोठीत जळते. जळलेला वायू नळीवाटे बाहेर जातो आणि केबिनची हवा त्या कोठीच्या तापलेल्या भिंतीवरून फिरून गरम होते. बॅटरीवर भार पडतो तो मुख्यतः पंख्याचा आणि पंपाचा. इंधन लागते तासाला पाव लिटर किंवा त्याहूनही कमी. थंडाव्याचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे, कारण थंडावा ज्वालेतून सहज मिळत नाही. त्यासाठी ट्रकच्या सांगाड्यावर दुसरे छोटे डिझेल इंजिन बसवावे लागते, जादा बॅटऱ्यांचा संच बाळगावा लागतो, किंवा थांब्यावर बाहेरची वीज घ्यावी लागते. नॉक्सव्हिल येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या आयडलएअर कंपनीने तर थांब्यांवर खिडकीतून थंड-गरम हवा पुरवण्याची सोय उभारली होती. २००८ मध्ये ती दिवाळखोरीत गेली.

मग बदल इतका उशिरा का झाला? आमच्या मते याचे कारण यंत्रविद्येत सापडत नाही. हीटर विकत घ्यायचा मालकाने आणि थंडी सोसायची चालकाने, अशी विभागणी जेथे असते तेथे सोय लांबणीवर पडते. बदल घडला तो इंधन महागल्यावर आणि धुराविरुद्ध कायदे झाल्यावर. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २००८ पासून झोपण्याच्या केबिनची सवलत काढून घेतली आणि त्यांनाही ५ मिनिटांची मर्यादा लागू केली. सहायक इंजिनाच्या वजनासाठी केंद्रीय कायद्याने २००५ मध्ये ४०० पौंडांची आणि २०१२ मध्ये ५५० पौंडांची सूट देऊ केली. दरम्यान इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले होते. उभ्याने चाललेल्या प्रत्येक मिनिटाची नोंद मालकाला मिळू लागली आणि इंजिन आपोआप बंद करण्याची सोयही त्याच्या हाती आली. ज्याच्या केबिनमध्ये हीटर होता त्याला या सर्वांचा लाभच झाला. ज्याच्याकडे नव्हता, त्याची शेकोटी गेली आणि घोंगडी तेवढी उरली.

धूर कमी झाला हे चांगलेच झाले. त्या धुराचा पहिला बळी रांगेत निजलेला चालकच होता. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने हे विसरू नये की या कायद्यांच्या केंद्रस्थानी हवा होती, इंधन होते. झोपलेला माणूस त्यांच्या कडेला होता.

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले. ज्या देशात चालकाच्या घामाची दखल घेण्याची रीत नव्हती, तेथे हे पाऊल मोठेच म्हणावे लागेल. परंतु डिझेल ट्रकमधील वातानुकूलन सामान्यतः इंजिनाच्या फिरण्यावर चालते. मे महिन्याच्या रात्री विदर्भात महामार्गाच्या कडेला ट्रक लावून चालक आडवा होईल, तेव्हा त्याच्यापुढे तीच किल्ली असेल आणि तोच हिशेब: डिझेल कोणाचे आणि झोप कोणाची? नियमात यंत्राला जागा मिळाली आहे. आता निजलेल्या माणसालाही तेथे एक ओळ मिळायला हवी.