मॉडेल विमान आणि बिनतारी आज्ञा

नवी मुंबई येथील विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. त्यामुळें या शहरांत हौसेनें मॉडेल विमान उडवूं पाहणाऱ्यांपुढें एक जुनाच प्रश्न नव्या गांभीर्यानें उभा राहिला आहे. हातांतील यंत्राची आज्ञा विमानानें ऐकलीच नाहीं, तर काय? या प्रश्नाचा इतिहास सव्वाशें वर्षांचा आहे.

इ. स. १८९५ मध्यें कलकत्त्यास जगदीशचंद्र बसु यांनीं अदृश्य लहरींच्या योगें भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली. १८९८ मध्यें निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत एक छोटी नौका दुरून चालविली. परंतु नौका व विमान यांत महदंतर आहे. आज्ञा चुकली तर नौका तरंगत राहते. विमान जमिनीवर आपटतें. म्हणूनच वॉल्टर व विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या बंधूंनीं १९३७ मध्यें ‘गफ’ नांवाचें मॉडेल विमान बिनतारी आज्ञेनें उडविलें, त्याचें महत्त्व मोठें आहे.

अशा विमानाचा पहिला शत्रु त्याच्या पोटांतच असे. इंजिनांतील विजेची ठिणगी स्वतःच लहरी उत्पन्न करते. रेडिओ ऐकतांना जवळून मोटार गेली कीं होणारी खरखर ज्यांनीं अनुभवली आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. घरांत ती खरखर केवळ त्रासदायक. विमानांत तीच खोटी आज्ञा ठरे. दुसरा शत्रु म्हणजे मैदानावरील शेजारी. दोघांनीं एकाच कंपनसंख्येवर यंत्रें चालू केलीं, कीं एकाचें विमान दुसऱ्याच्या आज्ञेनें भरकटे. यासाठीं मैदानांत एक फळी ठेवीत. त्या कंपनसंख्येची खुंटी ज्याच्या हातीं, त्यानेंच यंत्र चालू करावें, असा दंडक पडला.

१९४२ मध्यें नटी हेडी लामार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांस पाणतीरासंबंधीं एक पेटंट मिळालें. आज्ञा एकाच कंपनसंख्येवर न धाडतां ती कंपनसंख्या सारखी बदलत ठेवावी, ही त्यांतील कल्पना. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालणारीं आजचीं अनेक यंत्रें याच जातीच्या युक्तीनें गर्दींतून वाट काढतात. भारतांत २००५ मध्यें या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यांतून सूट मिळाली.

तथापि दोष नाहींसे झाले नाहींत. त्यांनीं जागा बदलली. ही लहर अवघी साडेबारा सेंटिमीटरांची असल्यानें धातु, कार्बनचे तंतु, इतकेंच काय, माणसाचें शरीरही तिला आड येतें. बॅटरी क्षीण असतां सुकाणूच्या मोटारींनीं एकदम वीज ओढली, कीं विमानांतील ग्राहकयंत्र क्षणभर बंद पडतें, आणि दोष मात्र बाहेरच्या लहरींस दिला जातो. म्हणून जाणते लोक प्रथम बॅटरी, जोडतारा व एरियल तपासतात. मग प्रक्षेपकाची शक्ति कमी करून, तीसेक पावलें दूर जाऊन, इंजिन चालू असतां सुकाणू नीट हलतें कीं नाहीं हें पाहतात. आज्ञा तुटल्यास इंजिन आपोआप मंदावेल, अशीही योजना ते करून ठेवतात.

विमानतळाच्या परिसरांतील उड्डाणांवर ड्रोन नियम, २०२१ यांचे निर्बंध आहेत, आणि ते पाळलेच पाहिजेत. परंतु कागदावर परवानगी मिळाली म्हणून यंत्र आज्ञाधारक होत नाहीं. ज्यावर हुकूम चालवावयाचा, तें ऐकतें कीं नाहीं, याची खात्री जमिनीवरच करून घ्यावी. आकाशांत तेवढी सवड मिळत नाहीं.